सद्या, मी छप्पर असलेलं चर्च पाहिलं

मनिला बंदर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सद्या,

हे पत्र घरी कुणाला लिहून उपयोग नव्हता. बायको वाचून म्हणेल, बरं झालं, देवदर्शन झालं. दादाला तर हे लिहिताच येत नाही, का ते पुढे कळेल. आज जे पाहिलं ते कळायला माणूस वसईच्या किल्ल्यात शाळा बुडवून हिंडलेला असावा लागतो, आणि तसा माझ्या ओळखीत तू एकटाच उरलास.

माझी तब्येत बरी आहे. साखर जरा वर, गोळी चालू.

जहाज धक्क्याला लागलं आणि दुपार मोकळी मिळाली. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, इथल्या बोहोल बेटावरचा. म्हणाला, चीफ, तुम्ही कॅथलिक आणि मनिलाला येऊन सान आगुस्तिन चर्च पाहिलं नाही, असं चालणार नाही. मग निघालो. जुनं मनिला तटाच्या आत आहे, इन्त्रामुरोस म्हणतात त्याला. तटाच्या दारातून आत शिरलो आणि सद्या, माझे पाय थांबले. तोच जाड काळपट दगड, तटावर तसंच उगवलेलं गवत, तीच दमट हवा. आपल्या किल्ल्याच्या दर्या दरवाजातून आत आल्यासारखं वाटलं. आत रस्ते, घोडागाड्या, पोरं, कॉलेजं, सगळं चालू होतं. आपला किल्ला चालू असता तर असाच दिसला असता.

या तटाच्या आत ७ चर्चेस होती. फ्रान्सिस्कनांचं, डोमिनिकनांचं, जेझुइटांचं, ऑगस्टिनियनांचं आणि बाकीची. ओळखीची नावं आहेत ना? आपल्या किल्ल्यात आपण ज्यांच्या भिंतींवर चढायचो, तेच हे धर्मगुरूंचे संघ. १९४५ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य इथे अडून बसलं आणि अमेरिकन तोफांनी हा भाग भाजून काढला. त्या महिनाभराच्या लढाईत मनिलात सुमारे १ लाख सामान्य माणसं मेली. ७ चर्चपैकी ६ गेली. सान आगुस्तिन तेवढं राहिलं. त्याला लागून असलेला मठसुद्धा पडला, पण चर्चची कमान टिकली.

मी आत गेलो आणि वर पाहिलं. वर छप्पर होतं.

तुला आठवतं, फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये थडग्यांच्या दगडांवर बसून आपण बोरं खायचो आणि वर नुसतं आभाळ असायचं. तू म्हणायचास, इथे छप्पर कसं असेल रे, एवढ्या रुंदीला? मी म्हणायचो लाकडाचं, तू म्हणायचास कमानीचं. त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. तर इथे ते आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडी अर्धगोल कमान. बाजूच्या जाड भिंती तिचा भार घेतात आणि त्या भिंतींच्या मधल्या खणांत छोट्या वेद्या बसवल्या आहेत. कमानीवर नक्षीचे कोरीव चौकोन दिसतात, पण ते सगळे रंगवलेले आहेत. दोन इटालियन चित्रकारांनी १८७५ मध्ये काढलेलं काम. मान मोडेपर्यंत पाहिलं तरी डोळा मानत नाही की ते सपाट आहे. तू असतास तर शिडी मागितली असतीस. वरून पॅरिसहून आणलेली झुंबरं लोंबतात. खाली जमिनीवर थडग्यांचे दगड, आणि हे शहर वसवणारा लेगास्पी इथेच पुरलेला.

या दगडी चर्चच्या आधी इथे दोन होऊन गेली. पहिलं बांबूचं आणि पानांचं, ते १५७४ मध्ये लिमाहोंग नावाच्या चिनी चाच्याच्या हल्ल्यात जळलं. दुसरं लाकडाचं, ते १५८३ मध्ये गव्हर्नरच्या अंत्यविधीतली मेणबत्ती लवंडून गेलं. मग मात्र त्यांनी दगड घेतला, आणि १६०७ मध्ये हे पुरं झालं. तेव्हापासून किती भूकंप पचवले त्यानं. १८८० च्या भूकंपात डावा मनोरा तडकला, तो उतरवावा लागला, म्हणून समोरून ते आज एकाच मनोऱ्याचं दिसतं. दारात चिनी कारागिरांनी घडवलेले दगडी सिंह बसले आहेत. चर्चच्या दारात सिंह! उतरवलेल्या मनोऱ्यातली घंटा बाजूच्या संग्रहालयाच्या दाराशी ठेवली आहे, ३ टनांहून जड. तिला हात लावताना मला नाशिक आठवलं. आपल्या वसईकडच्या घंटा तुमच्या नारोशंकराला आणि भीमाशंकराला टांगल्या आहेत, हे आठवीत तू सगळ्या वर्गासमोर छाती फुगवून सांगितलंस आणि मी मधल्या सुट्टीत तुझा डबा विहिरीत टाकला. चिमाजी अप्पा तुझे आणि चर्चेस माझी, अशी वाटणी कुणी केली होती कोण जाणे. पुढे तू नाशिकला स्थायिक झालास आणि मला रामकुंडाशी नेऊन म्हणालास, घे, वाजव तुझी घंटा. मी वाजवली होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि त्या दिवसानंतर आपण १७३९ च्या वसईच्या लढाईवरून भांडलो नाही.

आत लग्न चालू होतं. बाहेर पोरं मोगऱ्याचे गजरे विकत होती. इथे त्याला सांपागिता म्हणतात, पण वास आपल्याच मोगऱ्याचा. मी एक घेतला आणि बोसनला म्हटलं, आता मला फ्रान्सिस्कनांच्या जागेवर ने. त्याला कळेना, तिथे काय आहे पाहण्यासारखं? तुला कळेल. आपला गोन्सालो गार्सिया तिथला. वसईत जन्मला, किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला, पोरवयात जपानला गेला, भाषा शिकला, व्यापार केला. जेझुइटांनी संघात घेतलं नाही म्हणून मनिलाला आला आणि इथल्या फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून आत घेतलं. इथूनच १५९३ मध्ये तो पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा दुभाष्या होऊन परत जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मेला. आपल्याकडे त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, सण आहे. इथे त्यांच्या संघाचं चर्च तोफांत गेलं आणि त्या जागेवर आज इंजिनिअरिंगचं विद्यापीठ उभं आहे. पोरं पाठीला बॅगा लावून ये-जा करत होती. मी फाटकाबाहेर उभा राहून गजरा कुंपणाला बांधला. रखवालदारानं पाहिलं, काही बोलला नाही.

आता मुद्द्यावर येतो, सद्या. आपल्या गावचं चर्च पाडायचं घाटतं आहे.

तू म्हणशील, हे दहा वर्षं चाललंय. तसं नाही. या वेळी नकाशा तयार आहे. रंगीत चित्र सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. काच, एसी, खाली पार्किंग, दुप्पट माणसं बसतील. पुढच्या महिन्यात धर्मग्रामाची सभा आहे, तेव्हा मी घरी असेन. आणि बांधकाम समितीचा प्रमुख कोण, तर दादा.

दादाला तू ओळखतोस. पप्पा गेल्यावर त्यानं केळीची वाडी गहाण टाकून माझ्या कोर्सची फी भरली. आजवर त्याच्यासमोर मी आवाज चढवला नाही. त्याचं म्हणणंही खोटं नाही रे. सणाला म्हाताऱ्या बायका मांडवात उन्हात बसतात, आमची आई त्यातली एक. वेदीमागच्या भिंतीला तडा आहे, मी स्वतः बोट घालून पाहिला. फादर तरुण आहेत, मनापासून वाटतं त्यांना की गावाला मोठी जागा हवी. यात कुणी वाईट नाही, म्हणूनच मला झोप लागत नाही.

पण मी रोज काय करतो? गंजाशी भांडतो. माझं सगळं आयुष्य खाऱ्या हवेतलं लोखंड वाचवण्यात गेलं. घासा, रंगवा, पुन्हा घासा. जहाजाचं लोखंड निदान डोळ्यांना दिसतं. काँक्रीटच्या आतलं दिसत नाही. खारा दमटपणा आत झिरपतो, सळई गंजून फुगते आणि सिमेंटला आतून फोडते. आपल्याकडे समुद्राजवळच्या बिल्डिंगी बघ, तीस वर्षांत गॅलऱ्या गळायला लागल्या, सळया उघड्या पडल्या. आणि आपण दीडशे वर्षं उभ्या असलेल्या चुन्याच्या भिंती पाडून त्या जागी सळई घालणार? दादाला हे मी कोणत्या शब्दांत सांगू? तो म्हणेल, तू सहा महिने समुद्रावर, तुला गावाचं काय?

तडा कशानं आला तेही बोलायला हवं. तू कितीदा ओरडलास त्यावर! बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला तेव्हापासून भिंत घामेजते, आतलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. इथे उलट्या बाजूनं तेच झालं आहे. या लोकांच्या जुन्या चर्चना बाहेरून चुन्याचा जाड थर असायचा, पालितादा म्हणतात त्याला. मधल्या काळात कुणाच्या तरी डोक्यात आलं की उघडा दगड जास्त देखणा दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो थर खरवडून काढला. आतला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. पावसानं तो झिजायला लागला. आता जाणती माणसं पुन्हा चुना चढवा म्हणून सांगत फिरतात. बोसन हे सांगत होता आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता.

बोसनचं गाव लून. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बोहोलला ७.२ चा भूकंप झाला, त्यात त्यांचं चर्च पार ढिगारा झालं. तो तेव्हा जहाजावर होता, फोनवर फोटो आला. त्याची आई ढिगाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायची म्हणे, कुणी दगड उचलून नेऊ नये म्हणून. काही वर्षांनी ते चर्च जुन्या रूपात परत उभं राहिलं. तडा, दादा, सभा, सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, चीफ, आमचं पडलं म्हणून आम्हाला परत उभारावं लागलं. तुमचं तर उभं आहे ना?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुला लिहितोय.

माझ्या मनात असं आहे. जुनं चर्च ठेवायचं, बाहेरचं सिमेंट काढून चुना करायचा, तडा शिवायचा. गर्दीसाठी उत्तरेकडच्या अंगणात कायमची उंच कौलारू शेड, पंखे लावून, जुन्या भिंतीला हात न लावता. आईला उन्हात बसावं लागणार नाही आणि दादालाही काहीतरी नवं उभारल्याचं समाधान मिळेल. खर्च नव्यापेक्षा कमीच येईल असं वाटतं, पण वाटून भागत नाही, सभेत आकडा लागतो. तो आकडा तूच काढू शकतोस. वाडे आणि घाट दुरुस्त करणारा माणूस म्हणून गाव तुझं ऐकेल. आणि खरं सांगू? दादा तुझं ऐकेल. तुझ्यासमोर तो नरम पडतो, तुझ्या आईच्या पुरणपोळ्या त्यानं खूप खाल्ल्या आहेत. मी बोललो तर ते घरातलं भांडण होईल. तू हातोडी घेऊन भिंत ठोकलीस आणि म्हणालास, ही अजून शंभर वर्षं जाईल, तर ते इंजिनिअरचं मत होईल. भिंत खरंच संपली असेल तर तेही तोंडावर सांग. मी मुकाट्यानं दादाच्या बाजूला बसेन, पण तुझ्याकडून ऐकल्याशिवाय नाही.

तुझ्याकडचं काय? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? जिना चढू देऊ नकोस. चिरंजीवांना ॲडमिशन मिळाली का? कॉमर्स घेतलं म्हणून तू अजून रुसला असशील तर पुरे कर आता. आईंना नमस्कार सांग.

सभेच्या आधीच्या शनिवारी ये. सकाळच्या गाडीनं निघालास तर जेवायला पोहोचशील, वसई रोडला मी न्यायला येतो. त्र्यंबकचा तो चुनेवाला येत असेल तर त्यालाही आण, त्याचं जाण्यायेण्याचं मी बघतो. दादाला आधी काही कळवू नकोस. मुक्कामाला आमच्याकडेच, आणि रविवारी सकाळी मिस्सा संपली की चर्च रिकामं असतं, तेव्हा भिंत ठोकून घेऊ.

उत्तर लगेच दे. जहाज आठवडाभर इथेच आहे, नंतर रेंज नसेल.

तुझा,
फ्रान्सिस