माजी सैनिकाच्या कसबाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त माजी सैनिकांच्या सत्काराच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. सत्कार व्हायलाच हवेत. परंतु सैन्यातून परतलेला माणूस पुढे काय करतो आणि तिथे शिकलेल्या कामाचा त्याला व गावाला कितपत उपयोग होतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या कोरेगाव भागात एका निवृत्त हवालदाराचे वेल्डिंगचे दुकान आहे. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात होते. तिथे जवानाला कवायत आणि बंदुकीबरोबर सुतार, गवंडी, वेल्डर असा एखादा ट्रेडही शिकावा लागतो. ऊस हंगामात ट्रॉलीचा तुटलेला हूक घेऊन लोक घाईघाईने येतात, तेव्हा हे गृहस्थ आधीच्या कोणीतरी मारलेले वेल्डिंग ग्राइंडरने पुरते काढतात, गंज घासतात, दोन्ही कडा तिरक्या करून घेतात आणि मगच रॉड लावतात. टाका गार झाला की वरची खपली हातोडीने उडवून आत पोकळी राहिली आहे का, ते निरखून पाहतात. लोखंड थकलेले दिसले तर ‘यावर वेल्डिंग मारणार नाही, नवा बसवा’ असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवतात. भरल्या ट्रॉलीचा हूक उतारावर निसटला तर काय होते, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. तरीही ‘तुम्हाला पेन्शन आहे की, मजुरी कमी घ्या’ असे म्हणणारे रोज भेटतात. पेन्शन हा झालेल्या नोकरीचा मोबदला आहे, गिऱ्हाइकाला मिळणारी सवलत नव्हे, एवढे तरी आपल्याला कळायला हरकत नसावी.

या कारागिरीची किंमत मुंबईने अनुभवली आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकावर चेंगराचेंगरी झाल्यानंतर तिथला नवा पादचारी पूल सैन्याच्या अभियंत्यांनी उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीर चक्र विजेते रामा राघोबा राणे हेही बॉम्बे सॅपर्सचेच. आपण त्यांचे शौर्य आठवतो, ते योग्यच. पण ते शौर्य ज्या कामात दिसले ते काम कुशल हातांचे होते, हे मात्र विसरतो.

जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. घरी मुले शाळेत असतात, म्हणून नोकरी शोधणे भाग पडते आणि बहुतेकांच्या वाट्याला बँकेच्या किंवा सोसायटीच्या दारावरची सुरक्षारक्षकाची नोकरी येते. त्या नोकरीत कमीपणा नाही, पण पूल बांधणारा, इंजिन उघडून जोडणारा माणूस केवळ गणवेशाची सवय आहे म्हणून दारावर बसवणे ही उधळपट्टी आहे. त्याचा ट्रेड नागरी क्षेत्रातील कोणत्या व्यवसायाशी समकक्ष आहे, याची नोंद त्याच्या कागदपत्रांत असते, पण ती वाचून कोणी काम दिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढे हा प्रश्न वाढणारच आहे, कारण जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चारांपैकी जास्तीत जास्त एकालाच कायम केले जाणार असून बाकीचे तरुण चार वर्षांनी, निवृत्तिवेतनाशिवाय घरी येणार आहेत.

माझी सूचना साधी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांची ट्रेडनिहाय यादी करून ती तालुक्याच्या आयटीआयला आणि साखर कारखान्यांना दरवर्षी द्यावी. आयटीआयमध्ये कायमस्वरूपी शिल्प निदेशक होण्यासाठी निदेशक प्रशिक्षणाची अट असते आणि ती असावीही; परंतु आठवड्यातून दोन दिवस प्रात्यक्षिकासाठी अशा अनुभवी माणसाला मानधनावर बोलावण्यास काय अडचण आहे, हे संबंधित विभागाने स्पष्ट करावे. कोरेगावचे उपरोक्त हवालदार तर दुकानात येणाऱ्या दोन पोरांना आजही फुकट शिकवीत आहेत.

आपला,
एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)