शंभरातले नव्वद उडवून टाक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि हसू आवरेना. वीस वर्षांचे डोंगर, तळी, ढगांचे फोटो, सगळं हार्ड डिस्कवर पडून आहे, आता स्वतःची साइट काढायची म्हणतोस, आणि त्याला काय काय लागतं ते मी कळवायचं! अरे, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता लागतो, होस्टिंग म्हणजे ती ठेवायला जागा लागते, पानांचा एखादा साधा साचा लागतो. शनिवार-रविवारात उरकतं ते. लागतं ते भलतंच, आणि ते मला उमगायला चार वर्षं गेली. तेवढंच सांगायला हे पत्र लिहायला बसलोय. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

माझ्या साइटवर पहिल्या वर्षी ६१२ फोटो होते. विभाग पाडलेले: शिखरं, पाणी, झाडं, सूर्यास्त. सूर्यास्त एकट्याचे ९४. चौऱ्याण्णव सूर्यास्त ओळीने पाहिले की माणूस कधी एकदा अंधार पडतोय याची वाट बघायला लागतो. पण मला तेव्हा काय वाटायचं, एवढी पायपीट केली, एवढं ओझं वाहिलं, एकही का सोडू?

सगळ्यात वर मी धुक्यातल्या तळ्याचा फोटो लावला होता. त्याची कथा तुला दहादा ऐकवली आहे, अकराव्यांदा ऐक. अंधारात निघालो होतो, कपाळावरच्या टॉर्चने निम्म्या वाटेत मान टाकली. काठावर पोचलो तर ट्रायपॉडचा एक पाय चिखलात हळूहळू रुतत होता, त्यामुळे दर फोटोनंतर क्षितिज केसभर डावीकडे कलायचं. बोटं इतकी बधिर, की बटण दाबलं गेलं की नाही हे शटरच्या आवाजावरूनच कळत होतं. मग एकदाचं धुकं उचललं, पाण्यावर उजेडाचा पट्टा उमटला. सतरा फोटो काढले, त्यातला एक सरळ आला.

ताई आली होती तेव्हा मोठ्या ऐटीत तिच्या हातात फोन दिला. तिने तळं अंगठ्याने वर सरकवलं. फार तर अर्धा सेकंद. शिखरं गेली, झाडं गेली, सूर्यास्त तर भराभर वाहून गेले. आणि ती थांबली कुठे? एका दगडापाशी. ओला कातळ, त्यातल्या वाटीएवढ्या खळग्यात पावसाचं पाणी, पाण्यात आभाळाचा तुकडा, आणि कडेला कुठल्याशा पक्ष्याच्या पायांचे तीन ठसे, त्यातला पहिला जवळजवळ वाळलेला, शेवटचा अजून काळा-ओला. बुटाची नाडी बांधायला बसलो असताना सहज काढलेला फोटो. ताई म्हणाली, "आत्ताच उडाला ना रे हा?"

मला जरा रागच आला. दोन दिवस तळ्याचा फोटो उघडून बघत राहिलो. मग कळलं की त्यात थंडी नाहीये. चिखल नाहीये, मेलेली टॉर्च नाहीये. ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि दर वेळी मी ते फोटोत ओतून मग फोटो बघत होतो. समोरच्याला दिसतं ते एक बरं तळं, थोडं धुकं. असली तळी त्याने ढिगाने पाहिली आहेत. कष्टाने मिळालेला फोटो चांगलाच असणार, ही आपली ठाम समजूत असते, आणि साइटवर ती उघडी पडते, कारण तिथे आपण शेजारी बसून गोष्ट सांगायला नसतो.

म्हणून निवड. सगळं काम तेच आहे, बाकी सोपस्कार. मी आता काढलेले फोटो निदान तीन महिने साइटवर चढवत नाही. तेवढ्यात चालून दुखलेले पाय विसरलेले असतात आणि फोटोकडे परक्याच्या नजरेने थोडंफार पाहता येतं. मग सगळे नखाएवढे करून बघतो. लहान आकारात आकाश कुठलं, जमीन कुठली, नजर कुठे जाते, एवढंच उरतं. जे चित्र नखाएवढं असतानाही खुणावतं, ते पुढे जातं. एवढं करूनही माझ्या हाताने सगळे कापले जात नाहीत. शेवटची कात्री ताईच्या हातात देतो. ६१२ चे ५८ झाले. तळं गेलं. खरं सांगतो, ते काढताना बोट बटणावर बराच वेळ नुसतं टेकलेलं होतं.

कमी केल्यावर आणखी एक गोष्ट दिसायला लागली, शेजार. तो दगड एका भव्य कड्याच्या फोटोनंतर लावला तर कडा उगाच आरडाओरडा केल्यासारखा वाटतो. तोच दगड आधी आणि कडा नंतर लावला, तर नजर खळग्यातल्या आभाळातून वर चढत कड्यावर जाते. फोटो तेच दोन. इतरत्र कुठेही फोटो टाकलास तरी त्याच्या आधी काय आणि नंतर काय हे दुसरं कुणीतरी, बहुतेक वेळा एखादं यंत्र, ठरवतं. स्वतःच्या साइटवर ते तू ठरवतोस. मला तर साइट काढण्याचं हे एकच पटण्याजोगं कारण वाटतं. लोक तिथे कमी येतात, अगदी कमी, ते आधीच गृहीत धर.

फोटोखाली काय लिहावं, हे तू विचारलं आहेस. "निसर्गाची किमया" वगैरे लिहिलंस तर मैत्री संपली. तारीख लिही, वेळ लिही, आणि जे चौकटीत मावलं नाही त्यातलं एखादं वाक्य. तारखेवरून आठवलं. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो तू पाहिला असशील: खाली चर्च आणि उन्हात चमकणारे क्रूस, वर लांबलचक काळं आकाश आणि चंद्र. संध्याकाळ सरत होती, त्याला उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, म्हणजे एक्स्पोजर, मनातल्या मनात काढलं आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घ्यायला जाईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. एवढा काटेकोर माणूस, पण तारीख काही त्याने टिपून ठेवली नाही. नंतर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सालं दिली. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. आधी उत्तर आलं ३१ ऑक्टोबर १९४१, मग १९९१ साली त्यात दुरुस्ती होऊन १ नोव्हेंबर १९४१ ठरलं. तुझ्या फोटोंसाठी एवढी उठाठेव कुणी करणार नाही, माझ्यासाठी तर नाहीच.

त्याच फोटोचे त्याने पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढले, आणि सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच उजळ आहे, ढग दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये ते काळंभोर होत गेलं. तेव्हा फोटोवर हात फिरवणं म्हणजे पाप, असं मी मानत नाही. पण हात फिरवणं वेगळं आणि रंगपंचमी वेगळी. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगांच्या भडकपणाचा, स्लायडर जिथे बरा वाटतो तिथून थोडा मागे आण आणि रात्री झोप. सकाळी बघ. बहुतेक वेळा आणखी मागे न्यावासा वाटतो.

आता एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. एका कड्याच्या कपारीत फुलांचा एक लहानसा ताटवा होता. फोनने फोटो काढला, तसाच चढवला. जागेचं नाव लिहिलं नव्हतं, शहाणपणा केल्यासारखं वाटलं. पण लोकेशन चालू असलं की फोन फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, आणि ते नुसते चार दशांश स्थळांपर्यंत असले तरी अक्षांशात नेम साधारण ११ मीटरवर बसतो. पुढल्या मोसमात गेलो तर कपारीपर्यंत पायवाट पडली होती आणि ताटव्याच्या जागी दाबली गेलेली माती. माझ्या फोटोमुळेच झालं असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. झालं नाही असंही म्हणता येत नाही. घरटी, दुर्मीळ फुलं, नाजूक जागा, यांच्या फाइलमधून लोकेशन काढून टाक, आणि मागे ओळखू येईल असा सुळका असेल तर तोही चौकटीबाहेर ठेव.

सगळ्याच फाइलींमधून लोकेशन काढताना मी नवाच घोळ घातला. ज्या प्रोग्रामने ते पुसलं, त्याने त्याबरोबर रंगांचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे याची नोंद, तेही पुसलं. माझा कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर ठेवलेला होता. त्यात हिरव्या-निळसर छटांची कक्षा जास्त रुंद असते. प्रोफाइल नसलं की ब्राउझर फाइल एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीतली, आहे असं धरून चालतो. परिणाम असा, की पावसानंतरचं लुसलुशीत गवत सगळ्यांना आजारी, राखाडी दिसत होतं आणि माझ्या संपादनाच्या खिडकीत मात्र हिरवंगार. तीन आठवडे मी स्क्रीनला दोष देत होतो. उपाय सोपा: साइटसाठी फाइल काढताना आधी ती एसआरजीबीत बदलून घे, मग बाकीचं काय पुसायचं ते पूस.

आकाराचं लवकर सांगतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. तेवढी फाइल जशीच्या तशी चढवलीस तर सुस्त नेटवर तुझं आकाश वरून खाली पट्टीपट्टीने उतरतं, आणि डोंगर येईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. लांब बाजू २००० ते २४०० पिक्सेल ठेव, जेपेगची, म्हणजे दाबून लहान केलेल्या फोटो-फाइलची, क्वालिटी ८० च्या आसपास, पुष्कळ झालं. लहान केल्यावर गवत, पानं जरा मऊ पडतात, म्हणून शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, शेवटी कर, पण हलक्या हाताने. जास्त झालं की डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. ती एकदा ओळखायला शिकलास की दुसऱ्यांच्या फोटोंतही डोळ्यांत खुपायला लागते, तेवढी शिक्षा भोगावी लागेल. आणि जेपेग पुन्हा पुन्हा उघडून बदलून सेव्ह करू नकोस. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, वर दर सेव्हला काहीतरी झडतं. सांजेच्या स्वच्छ आकाशात ते आधी दिसतं, रंगाच्या पायऱ्या पायऱ्या पडलेल्या. बदल मूळ रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, कर, दर वेळी नवी जेपेग काढ.

फोटोवर आडवं नाव छापण्याबद्दल: नको. चोरायचं त्याला ते पुसता येतं, आणि बघायला आलेल्याला तळ्यात तुझं आडनाव तरंगताना दिसतं. फोटोवरचा हक्क तो काढल्या क्षणी तुझाच असतो, पानाच्या तळाशी एक ओळ लिहिलीस की झालं. मूळ फाइलींच्या मात्र दोन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या घरात. साइट म्हणजे बॅकअप नव्हे. एका फुकटच्या सेवेवर मी माझे सुरुवातीचे फोटो ठेवले होते. ती बंद झाली. त्यातले तीसेक फोटो आता कुठेच नाहीत, आणि विचित्र म्हणजे, मला तेच सगळ्यात चांगले होते असं वाटत राहतं.

तर आता असं कर. साचा, डोमेन वगैरे राहू दे. वीस वर्षांतून शंभर फोटो काढ आणि मला पाठव. लहान आकारात, नावं न देता, आणि कुठला किती वाजता उठून काढला हे अजिबात न लिहिता. मी त्यातले नव्वद उडवीन. तू चिडशील, एखाद्यासाठी भांडशील. ज्याच्यासाठी दोनदा भांडशील तो परत घेऊ, अट एकच, भांडताना चढणीचा उल्लेख करायचा नाही. माझे ५८ मी तुला तसेच पाठवतो, तूही कात्री चालव. दगडाला हात लावलास तर मात्र ताईशी गाठ आहे.

तुझा,
तोच तळंवाला

ता. क. – फोटो निवडायला बसण्याआधी कॅमेऱ्यातलं घड्याळ बघ. माझ्या कॅमेऱ्यातली बॅटरी बरेच दिवस बाहेर होती, तेव्हा ते आपोआप मागे जाऊन बसलं, आणि सहा महिन्यांचे फोटो, तो दगडाचा धरून, भलत्याच तारखांचे दिसतात. त्या दगडाखाली तारीख नाही. "पावसाळा, नाडी सुटली होती" एवढंच लिहिलंय.