तंजावरचा वाडा एकट्या मराठ्यांचा नव्हे

रविवारच्या पुरवणीतील तंजावरच्या राजवाड्यावरचा लेख वाचला. वर्णन छान आहे, पण ‘मराठ्यांनी बांधलेला राजवाडा’ हे पटले नाही. या वाड्याची उभारणी सोळाव्या शतकात नायक राजांनी (मराठ्यांआधीचे तंजावरचे राज्यकर्ते) सुरू केली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे भोसले तिथे पोहोचले ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. भोसल्यांनी १८५५ पर्यंत त्यात भर घातली, आणि ती पाहण्यासारखीच आहे. रंगीत खांब-कमानींचा मराठा दरबार हा त्यातलाच. पण नायकांच्या दरबारात शिरल्यावर समोर दिसतो तो भोसले राजे सरफोजी (दुसरे) यांचा संगमरवरी पुतळा. भोवती चोळकालीन कांस्यमूर्ती! हे तीन काळ एका छताखाली पाहण्यातच त्या भेटीची खरी मौज. सरस्वती महाल ग्रंथालयाचेही तेच. मूळ नायकांच्या काळातले, वैभव सरफोजींनी आणलेले. महाराष्ट्रातून जाणारे आपण बहुतेक जण मोडी कागद आणि भोसल्यांची चित्रे पाहून परततो (मीही पहिल्या खेपेस तेच केले). पुढच्या लेखात नायकांना निदान एक परिच्छेद द्यावा.

– एक वाचक, सातारा