एमएलडी नको, अमोनिया सांगा

संपादक महोदय,

मैलाशुद्धीकरण केंद्राच्या बातमीत क्षमतेचा आकडा हमखास ठळक असतो: रोज अमुक इतके दशलक्ष लिटर, म्हणजेच एमएलडी. नदीला त्या आकड्याशी काही देणेघेणे नाही. केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात काय उरले आणि केंद्राला वळसा घालून किती मैला थेट नाल्यात गेला, एवढ्यावरच तिचे आरोग्य ठरते.

शुद्धतेचा पुरावा म्हणून बहुधा बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, दाखवतात. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरला साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम असतो, नीट चालणाऱ्या केंद्रातून 10 च्या आसपास येतो. पण एवढ्यावरून मैल्यातल्या अमोनियाचा अंदाज येत नाही. अमोनियातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरला असा 20 मिलिग्रॅम नायट्रोजन बाहेर पडला तर 90 मिलिग्रॅम ऑक्सिजनची उधारी नदीच्या नावावर चढली. दहापट पाण्यात मिसळूनही 9 उरते, आणि 30 अंशांच्या पाण्यात मुळात साडेसातच ऑक्सिजन मावतो. वाहत्या, खळाळत्या पाण्यात हवेतून भर पडते. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात ती पुरत नाही. त्यात शेवाळही रात्री ऑक्सिजन खाते, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. दुपारी उलटा धोका: शेवाळामुळे सामू (पीएच) चढतो. 30 अंशांना सामू 7 असताना अमोनियाचा विषारी भाग शेकड्याला एकही नसतो, सामू 9 झाला की चाळिसाच्या वर जातो.

अमोनिया का उरतो? तो पचवणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. टाकीतला गाळ घाईने काढला की तेही वाहून जातात. त्यांना पाण्यात साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन सतत हवा. केंद्राच्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त हवा देण्यातच जाते, त्यामुळे बिल वाचवायचे ठरले की पहिली गदा टाकीत हवा फुंकणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे ब्लोअरवर येते. हवेचे बारीक बुडबुडे करणारे टाकीच्या तळाचे डिफ्युझर चोंदले तर ब्लोअर सुरू असूनही हवा मुरत नाही. मोठे बुडबुडे एकाच जागी उसळताना दिसले की समजावे. एकदा हे जिवाणू गेले की पुन्हा जम बसायला आठवडे जाऊ शकतात. बीओडी मात्र त्याआधीच सुधारतो आणि कागदावर सारे आलबेल होते.

क्लोरीनचेही तसेच. जंतू मारायला तो हवा, पण उरलेला क्लोरीन काढून न टाकता पाणी सोडले तर अगदी अल्प मात्राही माशांना मारक ठरते.

नमुना कधी घेतला हेही विचारावे. भार दिवसभर सारखा नसतो. सकाळच्या वापराचा लोंढा केंद्रावर काही तासांनी पोहोचतो. त्याआधी भरलेली एक बाटली काहीच सिद्ध करत नाही. चोवीस तास ठराविक अंतराने, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला मिश्र नमुनाच ग्राह्य धरावा.

केंद्रांनी रोज चार आकडे जाहीर करावेत: प्रत्यक्ष आलेले पाणी, बाहेर पडणारा अमोनिया, ब्लोअरचे वीज युनिट, आणि प्रक्रियेविना पाणी किती तास सोडले. पाणी तेवढेच आणि युनिट अचानक निम्मे, असे दिसले तर आपल्या वार्ताहराने त्याच दिवशी कारण विचारावे.

आपला,
एक वाचक