लॉ सोडण्याआधी हे वाच

गिरगाव, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा ऑस्ट्रेलियाहून फोनवर तू म्हणालीस, "बाबा, लॉ सोडते. नुसतं प्रॉपर्टी इकॉनॉमिक्स करते, तीन वर्षांत मोकळी होईन." मी "बघू" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल, बाबा चिडले. चिडलो नव्हतो. दोन्ही पदव्या एकत्र करायला पाच वर्षं, एकच केली तर तीन. त्या वाचणाऱ्या दोन वर्षांच्या फीची मनात बेरीज करत होतो, आणि बेरीज करताना बरं वाटलं याची लाज वाटत होती. म्हणून पत्र. पत्र लिहिताना मधेच आईच्या हातात देऊन सुटता येत नाही.

लहानपणी तुला कुणी विचारलं बाबा काय करतात, तर तू सांगायचीस, "बाबा शोधतात." काय शोधतात ते तुला ठाऊक नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं. एकोणतीस वर्षं फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मी सर्च क्लार्क. कुणी जागा घ्यायला निघालं की मी जुन्या जकात घरातल्या सब-रजिस्ट्रारकडे जाऊन तीस वर्षांचा सर्च घ्यायचो, म्हणजे त्या जागेचे आधीचे व्यवहार नोंदींत शोधायचो. इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची, बाडं दोन्ही हातांनी उचलायची, फुंकर मारायची नाही (पान उडतं), बोटाला थुंकी लावायची नाही (पान चिकटतं), आणि वर्षामागून वर्ष खाली उतरत जायचं. शेवटी रिपोर्ट. त्यात एक ओळ कायम असते: फाटलेली आणि गहाळ पानं वगळून. एखाद्या वर्षाचा अर्धा खंड वाळवीने खाल्लेला असला की त्या ओळीच्या आड बसायचं. आता संगणकावर दिसतं बरंच, पण ती ओळ काही रिपोर्टातून गेलेली नाही.

याचं कारण तू मला मागच्या वर्षी, पहिल्याच सेमिस्टरला, किती हौसेने समजावून सांगितलंस! आपल्याकडे 1908 च्या कायद्याने नोंद होते ती दस्ताची, मालकीची नाही. अमक्याने तमक्याला विकलं एवढंच सरकार सांगतं. विकणारा मालक होता का, ते तुमचं तुम्ही बघा. तिकडे न्यू साऊथ वेल्समध्ये 1863 पासून रजिस्टरवर नाव आलं की मालकी आली, आणि फसवणुकीत कुणाचा हक्क गेला तर भरपाईला सरकारी फंड. ऑक्टोबर 2021 मध्ये तर कागदी सर्टिफिकेटही बंद करून टाकली. आणि हे ज्याच्या नावाने ओळखतात तो टॉरेन्स मुळात अ‍ॅडलेडच्या जकात खात्यातला माणूस! जहाजांची नोंद असते तशी जमिनीची का नको, म्हणाला, आणि 1858 मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियात कायदा करून घेतला. हे ऐकलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. एक जकातवाला असं करून गेला आणि मी जकात घरात बसून आयुष्यभर वाळवी झटकली.

पण तेव्हा तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. आईलाही पूर्ण ठाऊक नाही.

2006 साल. कलिन्याचा वन बीएचके. घेणारे नवरा-बायको, दोघेही शाळेतून निवृत्त, दोघांचा फंड एकत्र करून आलेले. विकणारा म्हणाला, मूळ कागद आदल्या वर्षीच्या 26 जुलैच्या पुरात गेले. त्या वर्षी हे कुणालाही पटायचं. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. कलिन्यात तळमजल्यावर कुणाचं काय उरलं होतं? त्याच्याकडे पोलिसांचा दाखला होता, नक्कल प्रती होत्या, आम्ही पेपरात नोटीस दिली, हरकत आली नाही. मी सर्च घेतला. इंडेक्स स्वच्छ. रिपोर्ट दिला.

आठ महिन्यांनी त्यांच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली. मूळ कागद पुरात गेले नव्हते, बँकेच्या तिजोरीत कोरडेठाक होते. मालकाने ते ठेवून चौदा लाख उचलले होते. कागद नुसते बँकेच्या हातात दिले की झालं गहाण, दस्त नको, नोंदणी नको. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 58. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना झटपट पैसा उभा करता यावा म्हणून इंग्रजांनी ठेवलेली सोय. नोंदणी नाही म्हणजे इंडेक्स टूत नाही, म्हणजे मी जन्मभर शोधलं असतं तरी सापडलं नसतं. (2013 पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची नोटीस नोंदवावी लागते. सात वर्षं उशीर.)

ऑफिसात सगळे म्हणाले, तुझा रिपोर्ट बरोबर आहे. होताच बरोबर. त्या फाइलमध्ये व्हॅल्युअरचाही रिपोर्ट होता, सव्वीस लाखांचा, तोही बरोबर. त्यातही एक ओळ असते: टायटल (मालकी हक्क) स्वच्छ आहे असं गृहीत धरून. आणि सौदा झाला होता एकवीसला.

सायली, पाच लाख कमी. पूर येऊन गेलेल्या भागात भाव थोडे पडले होते, पण व्हॅल्युअरने ते धरूनच सव्वीस काढले होते. तो आकडा माझ्या टेबलावर होता. मी तो बघितलासुद्धा, पण भाव हा माझा प्रांत नाही म्हणून पान उलटलं. व्हॅल्युअरने मूळ कागद नाहीत हे बघितलं, पण कागद हा त्याचा प्रांत नाही. स्वस्त आहे आणि कागद नाहीत, या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी आल्या असत्या तर कुणीही म्हणालं असतं, थांबा, आधी आसपासच्या बँकांत चौकशी करू. त्या फाइलवर चार माणसांनी सह्या केल्या आणि तसं डोकं एकाचंही नव्हतं. त्या जोडप्याने शेवटी बायकोचे दागिने आणि गावची जमीन विकून बँकेशी तडजोड केली. त्यातले काका मला भेटायला आले होते. भांडले नाहीत. रिपोर्टची झेरॉक्स पुढे ठेवून त्या "वगळून"च्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात आमचं बसतं का हो?"

नुसते कागद ठेवून गहाण टाकायच्या या व्यवहाराला ऑफिसात आम्ही इक्विटेबल मॉर्गेज म्हणायचो. का म्हणतात ते मला कधी कळलं नाही. शब्द म्हणून वापरायचो, जसा स्टेपलर. तिकडे वकील व्हायला जे अकरा विषय करावेच लागतात, त्या तू पाठवलेल्या प्रिस्टलीच्या यादीत इक्विटी आहे. तेच ना, ज्याच्या केसेस वाचून डोकं उठतं म्हणतेस? सोडायचं तर सोड, पण तो विषय झाल्यावर सोड, आणि मला एकदा नीट सांग की नुसता कागद हातात दिल्याने हक्क कसा काय जातो.

आकड्यांत तू हुशार आहेस, हे मान्य. मग आपल्याच खोलीचं गणित कर. चालू भाडं महिना एकशे दहा रुपये, वर्षाचे 1,320. शेकडा पाच परताव्याने भांडवली किंमत किती? 26,400 रुपये. तुझ्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त. मालकाच्या बाजूने खोलीची किंमत ही. आणि खाली मेट्रो स्टेशन आल्यापासून दलाल जिन्यात उभं राहून पागडीचे, म्हणजे भाडेकरूचा हक्क विकत घ्यायच्या रकमेचे, आकडे सांगतात ते ऐकून आई दार लावून घेते. खोली तीच, भिंती त्याच, मधे फक्त कायदा: 1947 चा भाडेनियंत्रण कायदा, ज्याने भाडी 1940 च्या आसपास गोठवली, मग 1999 चा, ज्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला उजेडात आणलं. किंमत कुणाच्या खिशात किती बसणार ते कायद्याने ठरवलं. भाड्यावरून किंमत काढायच्या तुझ्या कॅपिटलायझेशनच्या सूत्रात तो कायदा कुठल्या अक्षराने लिहितात?

तुझ्या कर्जाच्या वेळी मॅनेजरने मला विचारलं, तारण काय देता? मी खोली म्हणालो. "ओनरशिप?" नाही, पागडी. त्याने पेनाचं टोपण लावलं. शेवटी तुझ्या काकाचा डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवला. बाजारात तो आपल्या खोलीच्या निम्म्यानेही जाणार नाही. त्या दिवशी मी बँकेच्या पायरीवर बसून सोडा प्यायलो आणि हसलो. राहायला आहे, विकायला आहे, तारणाला नाही. यावर तू खुशाल प्रबंध लिही, पण अर्ध्या पदवीवर तो लिहून होणार नाही.

अजून एक. तिकडचं रजिस्टर चोख आहे म्हणून फार हुरळू नकोस. तूच सांगितलेला तो एडी मेबो, तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीसाठी कोर्टात लढलेला. शंभर वर्षांहून जास्त काळ रजिस्टर लखलखीत, आणि ज्यांची जमीन त्यांचं नावच नाही. 1992 मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला, तेव्हा तो जाऊन काही महिने झाले होते. आपल्या चाळीची मिळकत पत्रिका काढून बघ कधी. मालकाच्या तीन पिढ्या आहेत तिच्यावर. आपलं नाव नाही, वरच्या मजल्यावरच्या कुणाचंही नाही.

परत यायचं झालं तर बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागेल, हे मला माहीत आहे. तिथेच राहायचं तर पदवीनंतरचं ते प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे, तेही तू सांगितलं आहेस. दोन्हीत वेळ जाणार, पैसा जाणार. मी पुढच्या मार्चला निवृत्त होतोय, पण एका वकिलाने अर्धा दिवस ये म्हणून सांगितलंय. तेव्हा फीचं कारण तुझ्या कारणांतून काढून टाक. उरलेली कारणं खरी असतील तर सोड लॉ, मी पुन्हा विषय काढणार नाही.

आणि कामाचं राहिलंच. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मालकाचा मेहता दर महिन्याला त्यांच्याच नावाने पावती फाडतो आणि मी निमूट घेतो. आता पुनर्विकासाच्या मिटिंगा सुरू झाल्यात, म्हणून नाव बदलायचा अर्ज परवा देऊन आलो. 1999 च्या कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे, भाडेकरू गेला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. "राहणाऱ्या" या शब्दावर स्मॉल कॉजेस कोर्टात किती वर्षं भांडणं चालतात ते मी बघितलंय. तेव्हा तिकडे कितीही वर्षं राहा, आधार कार्डावरचा पत्ता बदलू नकोस, मतदार यादीतलं नाव काढू देऊ नकोस, आणि सुट्टीत येशील तेव्हा तुझ्या नावाचं एखादं टपाल इथे येईल असं बघ. कपाटाचा खालचा खण तुझा आहे. आईने त्यात गोधड्या भरल्या होत्या, त्या मी काढायला लावल्या.

तुझा,
बाबा