इंजिन उघडायच्या आधी

ठाणे (पश्चिम)

प्रिय पद्या,

तू घेतलेल्या जुन्या मोटरसायकलखाली तेल गळतंय हा तुझा मेसेज आणि पार्किंगमधल्या डागाचा फोटो, दोन्ही बघितले. गॅरेजवाला "इंजिन उघडावं लागेल" म्हणाला म्हणून तू हबकलायस. जरा थांब. तेल पडलं कुठे एवढंच डागावरून कळतं, निघालं कुठून ते नाही. ते सापडेपर्यंत कुणाला पाना लावू देऊ नकोस.

आधी बोट लावून बघ. पेट्रोल असेल तर वास मारून उडून जातं. चेनला मारलेलं ल्युब, म्हणजे वंगणही पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये साचून खाली टपकतं, आणि लोक उगाच सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, बदलत बसतात. इंजिन ऑइलच असेल तर गाडी धुवायला घे. रॉकेल आता मिळायचं नाही, डिझेल आणि जुना टूथब्रश चालेल. इंजिन मात्र गार हवं. फटीफटीतला काळा चिखल निघाला पाहिजे. सुकलं की सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर मार, म्हणजे तेल निघेल तिथे ती ओली दिसेल, डबल स्टँडवर पाचेक मिनिटं चालू ठेव आणि मग ऐरोली पुलावरून मुलुंडपर्यंत एक चक्कर मारून ये.

परत आल्यावर खालून नाही, वरून बघायला लाग. तेल उताराने खाली येतं आणि वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका तोच खरा गुन्हेगार, बाकीचे साथीदार. माझ्या मेहुण्याच्या गाडीला ड्रेन बोल्टवरून (इंजिनाच्या तळाचा, तेल काढायचा बोल्ट) थेंब पडायचे. दोन गॅरेजवाल्यांनी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं धड, फोडायचा सल्ला दिला होता. पावडर मारली तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) कडेपासून चहाच्या रंगाची एक बारीक रेघ निघालेली. फिन्समधून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांमधून, वाट काढत, क्रँककेसच्या सांध्यावरून घसरत ती थेट ड्रेन बोल्टच्या डोक्यावर. कव्हरची रबरी रिंग उष्णतेने इतकी कडक झाली होती की काढताना कटकन मोडली. नवी टाकली, गळती बंद.

तुझ्याकडे ड्रेन बोल्टच दोषी निघाला तर वायसर नवा टाक. तो एकदा दाबला गेला की पुढच्या वेळी नीट बसेलच असं नाही. जोर मात्र लावू नकोस. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, आटे कायम केसिंगचेच जातात. गेलेच तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाले नवे आटे बसवून देतात, त्यासाठी केसिंग बदलायची गरज नसते.

इंजिनाच्या बाजूच्या झाकणांचं, म्हणजे क्लच कव्हर किंवा मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग (सांध्यातला तेल अडवणारा पातळ थर) गेलं असेल तर ते घरीही बदलता येतं. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्या त्या जागी खोचून ठेव. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नकोस, एक ओरखडा पडला तरी नवं पॅकिंग तिथूनच पाझरेल. स्क्रू आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे. आणि सिलिकॉन थापणाऱ्यापासून लांब राहा. बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. ते तुकडा तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकतं आणि वर हेडला तेल पोचत नाही.

पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील ओलं असेल तर चेन सैल करून स्प्रॉकेट हाताने वरखाली हलवून बघ. लक्षात येण्यासारखा खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर बेअरिंग संपलंय. नुसतं सील बदलून भागणार नाही, ते पुन्हा फाटेल. चेन फार ताणून चालवलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. खेळ नसेल तर सीलच बदल. स्प्रिंगची बाजू आत, ओठाला आधी थोडं तेल.

एक गोष्ट मात्र जवळपास कुणीच बघत नाही, आणि मी असतो तर सील-पॅकिंगच्या आधी तीच बघितली असती. ब्रीदर. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायूही खाली उतरतो. हे सगळं ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्याकडे जायला हवं. नळी चिखलाने बुजली, किंवा टाकी बसवताना पिळली गेली, की तो दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. मग तू सील बदलत राहशील आणि दर वेळी गळती नव्या जागी दिसेल. नळी काढ, फुंकून बघ. त्याच वेळी तेलाची पातळीही बघ, गाडी सरळ उभी करून, मॅन्युअलमध्ये दिलंय तशीच. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर ते काढ. जुनी गाडी विकताना "आत्ताच तेल भरलंय" म्हणणारे सढळ हाताने ओततात. पातळी घटतेय पण फरशी कोरडी, सायलेन्सरमधून निळा धूर, असं असेल तर तेल गळत नाही, जळतंय. तो विषय वेगळा आणि महाग.

क्रँककेसच्या दोन भागांमधूनच थेंब येत असेल तर मात्र गॅरेजवाला खरा. सिलिंडरच्या बुडाशी नुसता ओलसरपणा असेल तर मी वर्षभर तसाच चालवीन, पातळीवर लक्ष ठेवून. फक्त मागच्या टायरवर तेल उडत असेल तर गाडी बाहेर काढू नकोस, त्यातून पावसात घोडबंदरला तर मुळीच नको.

धुताना निघालेलं तेल-डिझेल गटारात सोडू नकोस, डब्यात भर. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला घेतो. पावडरचा फोटो पाठव, उजव्या आणि डाव्या बाजूचा वेगळा. आणि हो, गाडीचा नंबर एमएच-०४ आहे म्हणतोस, पण आरसी (गाडीची नोंदणी) तुझ्या नावावर झाली का? त्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या तो फोन उचलतोय तोवर घेऊन टाक.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुन्या