उस्ताद, गावाचं नाव सांगा

आदरणीय उस्ताद,
जयहिंद.

हे सगळं तुमच्यासमोर उभं राहून बोलायला हवं होतं. पण चाळिशी आली तरी तुम्ही समोर दिसलात की माझ्या मुठी आपोआप पँटच्या शिवणीला लागतात आणि 'जी उस्ताद'च्या पलीकडं तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या. चष्मा शोधत बसू नका, गेल्या वेळी तो स्कूटरच्या डिकीत सापडला होता.

२००५ चा एप्रिल आठवतो का? मी सोलापुरात अशोक चौकाकडून सायकल मारत पहाटे साडेचारला कंबर तलावापाशी, तुमच्या सैन्यभरतीच्या सरावाला यायचो. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि भरतीला लागणारी हिंदी टीव्हीवरून उचललेली. तुमच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी मला वाटलं, हा म्हातारा फौजी आता पळायला लावणार. तुम्ही रांगेत उभं करून प्रत्येकाला विचारलंत, "सकाळी लघवीचा रंग कसा होता बे?"

सगळे फिदीफिदी हसले. तुम्ही हसला नाहीत. ज्याचा रंग गडद होता त्याला बाजूला काढलंत, स्कूटरवरून आणलेल्या कॅनमधलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोन तांबे पाजलंत, आणि मग पळायला सोडलंत. तलावाच्या दुसऱ्या अंगाला भरतीची दुसरी एक बॅच चालायची. तिथले मास्तर पोरांना पळून होईपर्यंत पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत. 'फौजी तहान मारतो' असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या काहींना तेच खरं फौजी वाटायचं. मलाही. तुमचे लाड बघून मी घरी म्हटलं होतं, ह्या उस्तादांची शिस्त जरा ढिली आहे. उस्ताद, हे तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही, आज सांगून टाकतो.

मग तो मे महिना. सकाळचे आठ वाजत होते, ऊन अजून सोलापूरचं ऊन म्हणावं असं झालंही नव्हतं. मोहोळकडचा तो पोरगा शेवटच्या फेरीत सरळ पळता पळता एकदम तिरका गेला. आम्ही ओरडलो, "अरे लाइनीत पळ!" तुम्ही मात्र खुर्ची पाडून धावलात, त्याचे दोन्ही खांदे धरलेत आणि विचारलंत, "गावाचं नाव सांग." तो आईचं नाव सांगत राहिला. परत विचारलंत, परत आईचंच नाव. तो उष्माघात होता.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी वीस वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. त्याचा बनियन फाडून काढला, दोन्ही कॅन अंगावर ओतले, ओले टॉवेल मानेला, काखेत, जांघेत. दोघांना पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं, दोघांना तलावाचं पाणी आणायला पळवलं. रिक्षा येऊन उभी राहिली, रिक्षावाला घाई करत होता, तरी तुम्ही पाणी ओतायचं थांबवलं नाहीत. "आधी थंड, मग दवाखाना." पोरगं डोळे उघडून गावाचं नाव बोललं तेव्हा कुठं त्याला रिक्षात घातलंत.

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला एकदाच सांगितलंत. तुम्ही स्वतः रिक्रूट असताना एका लांब रूट मार्चमध्ये तुमच्या शेजारचा गडी असाच बरळायला लागला होता. सगळ्यांना वाटलं कामचुकारपणा करतोय. त्याला शिव्या घालून उठवलं, पुढं पळवलं. तो परत आला नाही. कुठल्या साली, कुठं, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलंही नाही. एवढंच म्हणालात, "घाम बंद झाला की माणूस मरतो असं आम्हाला शिकवलं होतं. त्याला घाम होता रे. घामानं भिजलेला होता."

माझी भरती २००६ मध्ये झाली. ट्रेनिंग सेंटर आणि पलटण कोणती ते इथं लिहीत नाही. नऊ महिन्यांचं ट्रेनिंग: काळी ट्रंक, रांगेत फालीन, रोल कॉल, कोतमध्ये म्हणजे शस्त्रागारात रायफल जमा करताना नंबर पाठ म्हणायचा, सगळं यथासांग. तुम्ही सेल्फ लोडिंग रायफलवर शिकलात, आम्ही इन्सासवर, म्हणजे तिच्यानंतर आलेल्या रायफलवर. रगडाही, म्हणजे शिक्षेची कसरत, भरपूर खाल्ला. बिछान्याची घडी दोन बोटं वाकडी म्हणून अख्ख्या प्लाटूनला खडीवर फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या. पुढं मी उस्ताद, म्हणजे रिक्रूटांना शिकवणारा, होऊन सेंटरला गेलो, तेव्हा पहिलं वर्षभर मीही तेच केलं. जे मिळालं तेच दिलं. मग एकदा सुट्टीत तुमच्याकडं बसलो होतो, बढाई मारत होतो की माझी प्लाटून कशी सरळ झालीय. तुम्ही भाकरी मोडता मोडता विचारलंत, "रगडा दिलास तो पोराच्या चुकीसाठी का तुझ्या रागासाठी?" मी उत्तर दिलं नाही. शेंगाचटणी मात्र त्या दिवशी भलतीच तिखट लागली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. एका वर्षीचा जून, पाच किलोमीटरचा सराव. माझ्या प्लाटूनमधला नांदेडकडचा एक रिक्रूट चौथ्या किलोमीटरला हसायला लागला. पळता पळता हसत होता. बाजूचा सिनियर म्हणाला, "नाटक करतोय, उठव आणि पळव." पोरगा घामानं निथळत होता, म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखा कोरडा-तापलेला अजिबात नव्हता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "गावाचं नाव सांग."

त्यानं त्याचा चेस्ट नंबर सांगितला.

पळणं तिथंच थांबवलं. पाण्याचा ट्रेलर जवळ होता, लंगरमधून, म्हणजे स्वयंपाकघरातून, बर्फ मागवला, ताडपत्रीचा खड्डा करून त्याला त्यात निजवला. गाडी आली तरी मी सोडला नाही. ओरडा खाल्ला, पण सोडला नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे छावणीच्या दवाखान्यात, ताप मोजला तेव्हा, म्हणजे इतकं थंड करूनसुद्धा, पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या अर्ध्या तासात थंड केला म्हणून हा बोलतोय. नंतर त्याला मागच्या बॅचमध्ये रेलिगेट केलं. काही महिन्यांनी त्याची कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथ, झाली. परेडनंतर त्याचे वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, पोरानं काही चूक केली होती का? मागं का राहिला?" मी म्हटलं, काही चूक केली नव्हती. त्यांना तुमचं नाव सांगायला पाहिजे होतं, सुचलं नाही. ते राहिलेलं काम आज करतोय.

आता सैन्यातही वैद्यकीय लोक हेच शिकवतात: पाणी बांधून ठेवायचं नाही, थोडं थोडं पीत राहायचं, नवीन माणसाला उन्हाची सवय हळूहळू लावायची, शंका आली की आधी थंड. तुम्ही हे कंबर तलावाच्या काठावर दोन प्लास्टिकच्या कॅनवर करत होता.

पण म्हणून कुणी समजू नये की तुमच्याकडं सगळं गोड होतं. पाणी पाजायचात आणि स्टॉपवॉचवर एक सेकंद सोडायचा नाहीत. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आला तर ६० गुण, ५ मिनिटं ३१ सेकंदांना ४८. तुमच्या लाँगबुकात त्या एका सेकंदासमोर लाल शाईत '१२ गेले' असं लिहिलेलं असायचं. बीमवर दहा पुल-अप्स म्हणजे दहा, हनुवटी वर आली नाही तर मोजायचंच नाही. "काय बे, पळू लालास का वरातीत नाचू लालास?" हे वाक्य आमच्या बॅचमध्ये अजून चालतं. आणि ज्याचं होणार नाही त्याला तुम्ही दोन-दोन वर्षं फी घेऊन लटकत ठेवलं नाहीत. सरळ सांगायचात, तुझ्या गुडघ्याला हे जमणार नाही, आयटीआयचा फॉर्म भर. त्यातला एक आज वेल्डर आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

जुनं ते सगळं तुम्हाला सोनं वाटतं असंही नाही आणि नवं ते सगळं पटतं असंही नाही. २०२२ मध्ये नवीन कॉम्बॅट वर्दी आली, शर्ट बाहेर, बेल्ट आत, तेव्हा फोटो बघून तुम्ही म्हणालात, "हा काय पिकनिकला निघालाय का?" त्याच वर्षी २ सप्टेंबरला नौदलाच्या ध्वजावरचा ब्रिटिश काळातला सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीचा तुमच्यातला गणपत, म्हणजे त्या रेजिमेंटचा जवान, असा खूश झाला की मैदानावर पेढे वाटले. अग्निपथवर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीच्या योजनेवर, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही म्हणता, चार वर्षांत माणूस पलटणीचा होत नाही, दोन वर्षं तर ओळखण्यातच जातात. मी अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये सेंटरला येताना पाहिली, ऑगस्टमध्ये कसम घेताना पाहिली. नऊ महिन्यांचं ट्रेनिंग सातावर आलं, ते मलाही टोचलं. पण ही पोरं 'का' विचारतात, आणि उत्तर दिलं की दुप्पट करतात. आम्ही 'का' विचारायची हिंमत केली असती तर आणखी दहा फ्रंट रोल. शंभरातले पंचवीसच पुढं राहणार, बाकीचे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी घरी, ह्याचं मात्र माझ्याकडंही उत्तर नाही. आणि २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा आधी, मैदान नंतर असं झालं, तेव्हा तुम्ही कुरकुरलात खरे, पण आठ दिवसांत कडुलिंबाच्या खोडाला फळा टांगला आणि पळण्याचा अर्धा तास काढून गणिताला दिला.

मुलींचं तर मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, ऐकलं. लष्करी पोलिसांत मुली घ्यायला लागले, त्यांची पहिली बॅच मे २०२१ मध्ये बंगळुरूहून पास झाली, तरी तुम्ही 'आपल्या बॅचमध्ये नको' म्हणत होता. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलातली एक मुलगी तीन दिवस तलावाच्या कठड्यावर बसून राहिली. चौथ्या दिवशी तुम्ही तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं, पोरांचे टायमिंग घे म्हणून. तिनं आठवडाभर बरोबर टायमिंग घेतलं, मग वॉच तुमच्या हातात देऊन स्वतः पळाली. आज तुमच्या रांगेत सहा मुली आहेत आणि लघवीचा रंग विचारायचं काम त्यांच्यापुरतं तुम्ही तिच्याकडं सोपवलंय. हे ऐकून मी मोठ्यानं हसलो, पण मला तुमचा जितका अभिमान वाटला तितका तुमच्या मेडलचा फोटो बघूनही वाटला नव्हता.

दर १२ जानेवारीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, तुम्ही बॅचला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ मध्ये ह्याच दिवशी येरवडा तुरुंगात फासावर गेलेले. भाषण नाही. फक्त सांगायचात की १९३० च्या मार्शल लॉमध्ये ह्याच रस्त्यांवर फौज उतरली होती, गांधी टोपी दिसली तरी माणसाला धरत होती, आणि त्या फौजेतही हुकूम पाळणारे आपल्यासारखेच होते. मग म्हणायचात, "चला, चहा." उस्ताद झाल्यावर, कुणाला शिक्षा देण्याआधी, मला बरेचदा तो चहा आठवला.

२०२३ च्या अखेरीस मी हवालदार म्हणून घरी आलो. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातले तीन दिवस बॅच मी घेतो, शिट्टी तुमचीच असते. दोन नवीन कॅन घेतलेत, जुने गळत होते.

एक तक्रार आहे. परवा तुम्ही खुर्ची उन्हात टाकून, टोपी नाही, तांब्या रिकामा, असे पावणेनऊपर्यंत बसला होता. उद्या येईन तेव्हा खुर्ची लिंबाखाली दिसली पाहिजे. नसली तर मी तुम्हाला सगळ्या बॅचसमोर गावाचं नाव विचारणार आहे, आणि पोरी रंगसुद्धा विचारतील.

तुमचा,
२००५ च्या बॅचमधला, शेवटून दुसरा